वीस वर्षं वाजवून झाल्यावर गिटार शिकणे

सेक्टर एकोणतीस, नोएडा
५ ऑगस्ट १९९७

ती. सौ. सुनेत्राताईस,

धाकट्या पद्माकरचा साष्टांग नमस्कार. (बसल्या जागीच घे, आशीर्वाद द्यायला उठू नकोस, गुडघा सांभाळ.) भावोजींचा खोकला कसा आहे? अडुळसा घेतात का, की नुसतीच बाटली कपाटात ठेवतात? आम्ही तिघं मजेत. मृणालला इथली हवा मानवली. वल्लरीला तर इतकी मानवली की भाताला ‘चावल’ म्हणते. माझं मात्र काही धड सांगता येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

झालं असं, की मंडळाच्या गणपतीत यंदा वल्लरी गाणार. साथीला अर्थातच मी, असं मी धरून चाललो होतो. (कॉलेजपासून आपल्या घरातलं एक तरी बारसं माझ्या गिटारीवाचून पार पडलंय का?) तर पोहे खाता खाता ही पोरगी म्हणते, “बाबा, सॉरी यार, पण तुम्ही वाजवता ना, तेव्हा मला गाण्यात भागना पडता है.” बापाला यार! आणि वरच्या मजल्यावरच्या प्रसन्नला कीबोर्डसाठी विचारूनसुद्धा झालं होतं. ताई, ऑफिसात साहेब बोलला तर दोन दिवसांत विसरतो, पण पोटच्या पोरीने काढून टाकलं हे फार लागलं.

मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. शेवटी मृणाल म्हणाली, रुसण्यापेक्षा शिका, आणि पलीकडच्या सेक्टरात ममतादी म्हणून साठीच्या बंगाली बाई गिटार शिकवतात त्यांचा पत्ता हातात ठेवला. गेलो. म्हटलं, बाईंना दाखवूच जरा. चपला काढल्या, त्यांच्या गालिच्यावर छान मांडी घातली आणि गिटार मांडीवर घेतली. बाई बघतच राहिल्या. आता तूच सांग, मंडळात पेटीवाला सतरंजीवर, तबलजी सतरंजीवर, मग गिटारवाला काय गणपतीसमोर खुर्ची टाकून बसणार? वीस वर्षं मी मांडी घालून, मनगट पळीसारखं वाकवून वाजवतोय. बाईंनी विचारलं, “आपको दर्द नहीं होता?” म्हटलं, होतं की, मला वाटलं गिटार म्हणजे हेच.

त्या हसल्या नाहीत, ही त्यांची थोरवी. मला खुर्चीवर बसवलं, डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवायला लावला आणि सांगितलं, आतापर्यंतचं सगळं सोडा. घरी स्टूल नव्हतं म्हणून मी पाट घेतला, तर मृणालने तो पायाखालून ओढून काढला (त्यावर आपण जेवायला बसतो, वगैरे) आणि दिल्लीची टेलिफोन डिरेक्टरी दिली. पण पुस्तकाला पाय कसा लावायचा? मी आधी डिरेक्टरीला हात लावून नमस्कार करतो, मग पाय ठेवतो. वल्लरी हसून लोळते.

मग सुरू झाली तपश्चर्या. गाणंबिणं काही नाही. एक तार, एक सूर, सावकाश. नळ गळू नये म्हणून आपण कसा करकचून पिळतो, तशी मी तार दाबत होतो म्हणे. तिच्यावर बोट नुसतं टेकवायचं. करंगळी इतकी वर्षं फुकटचा पगार खात होती, तिला कामाला लावलं तर बाकीच्या बोटांच्या मध्ये मध्ये येऊ लागली. तार छेडायला उजव्या हाताची नखं वाढवलीत, त्यामुळे वरणभात चमच्याने खातो. महिनाभर माझ्या हातून जे निघत होतं, ते ऐकून खालचे सरदारजी तब्येतीची चौकशी करून गेले.

आणि मग तो रविवार. भर दुपार, कूलर घरघरतोय, मी आपला तो एक सूर वाजवतोय. बोट टेकवलं, तार सोडली, आणि त्याच क्षणी लाइट गेली. कूलर थांबला, फ्रीज थांबला, सगळ्या सोसायटीचे पंखे थांबले, आणि शेजाऱ्यांचे जनरेटर अजून सुरू व्हायचे होते. त्या शांततेत माझा सूर होता, ताई! स्वच्छ, गोल, नुसता उभा. खोलीभर भरला, मग बारीक बारीक होत गेला, आणि कधी संपला ते मला आजही सांगता येणार नाही. अंगावर सरसरून काटा आला. वीस वर्षं ही गिटार माझ्या मांडीवर होती, आणि हिच्या पोटात हे होतं! मृणाल कणकेच्या हातांनी दारात उभी होती. मला सरळ रडू आलं, तुझ्यापासून काय लपवायचं. मग जनरेटर धडधडले. वल्लरीने वॉकमन बाजूला ठेवला आणि म्हणाली, “बाबा, फिरसे.”

त्या संध्याकाळी तिने मला कार्यक्रमात घेतलं. बास, मला आणखी काही नको. भावोजींना नमस्कार, तुझ्या नातवाला पापा.

तुझा,
पद्माकर

ता. क. वल्लरीने पत्र वाचलं. म्हणते, “पूरी बात लिहा ना!” तर, गाणं सगळं प्रसन्नच वाजवणार आहे. ते संपलं, तिचा आवाज थांबला, प्रसन्नने हात उचलले, की शेवटी एक सूर आहे. तो माझा. तेवढाच. एका सुरासाठी खुर्ची कशाला, असं मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव विचारत होते. मृणालने त्यांना गप्प केलं.

ता. क. २. खरं काम आता सांगतो. चतुर्थीला तुम्ही दोघं येताय आणि पहिल्या रांगेत बसणार. कुठल्याही कार्यक्रमात पहिली टाळी तुझी असते, आणि तुझ्यामागून अख्खा हॉल वाजवतो. ताई, हात जोडतो, गाणं थांबलं की लगेच टाळी वाजवू नकोस गं. पदर धर, भावोजींचा हात धर, काहीही कर. माझा सूर कधी संपेल ते मलाही कळणार नाही, म्हणून माझ्याकडे बघू नकोस. वल्लरी डोळे मिटून ऐकत असेल. तिने उघडले की वाजव.