बरडीवरचा घेवडा

माय, आज सकाळी घेवड्याचं पहिलं पाणी ओतून देताना तुझी आठवण आली. "दोन पाणी फेकल्याबिगर तोंडात घालू नको वं, कच्चा दाणा बाधते," असं तू दर वेळी बजावायचीस, जशी काही मी कालच चुलीपाशी आले होते. माझ्या सुनेला मी आता तेच ऐकवते आणि तीही तशीच वैतागते.

मोताळ्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या खालांकडून तू ते चपटे पांढरे दाणे आणलेस तेव्हा मी शाळेत होते. "बारामासी है, जड मत उखाडना," त्या म्हणाल्या होत्या. घरामागचा उतार म्हणजे नुसती बरड, मुरमाड आणि दगडासारखी टणक, दर पावसाळ्यात तिथली माती नाल्यात जायची. तू तिथे दाणे टोबलेस आणि मांडव घातलाच नाहीस. वेल जमिनीवर लोळू लागले तशी गावाला करमणूक झाली. बाबा चिडले, त्यांना तिथे कपाशी हवी होती.

"घरात कापूस खाता येते काय?" तू विचारलंस. "अन् मातीले लुगडं नको? उघडी ठेवता तिले, मंग वाहून गेली म्हणता."

"येत्या आखाजीले नांगर घालतोच मी," ते म्हणाले.

बाकीच्या शेतात तुझे हात चालायचे, शब्द चालत नव्हता. तो एवढा तुकडाच तुझ्या मनासारखा होता, म्हणून मला त्या नांगराची फार धास्ती वाटायची.

ती आखाजी, ती अक्षय्य तृतीया, अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा बैल जुंपून बरडीवर उभे आहेत. तू मागच्या दारात, हाताला कणीक. बाबा वाकतात, वेल आणि वाळक्या पाल्याचा थर बाजूला सारतात, खाली बोटं घालून पाहतात, तर बोटं आत जातात. भर उन्हाळ्यात, बरडीत! हात बराच वेळ तिथेच ठेवून ते उठतात आणि बैल वळवतात.

"आज बैल नाही चालत," म्हणतात. बैल बिचारे केव्हाचे तयार होते. तू आत जाऊन इतकी रडलीस की तव्यावरची पुरणपोळी करपली.

तू गेलीस, तरी त्या तुकड्यात नांगर गेला नाही. कोणी विचारलं की बाबा म्हणायचे, "बैल नाही जात तिकडं." पुढे बैल विकले, भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला, तरी उत्तर तेच.

आता खरं सांगते. तुझी ती घेवड्याची उसळ मला कधीच आवडली नाही. तू "कशी झाली वं?" विचारायचीस आणि मी "चांगली" म्हणायचे. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, माहेरी आले असताना, जेवता जेवता मी हे बाबांना सांगितलं. ते हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मलेबी नाही आवडत," ते म्हणाले. "कधीच नाही आवडली. पण तिले सांगू नको."

आता तेही नाहीत. सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले, पण त्यांचा शब्द मोडवत नाही. हा कागद माझ्यापाशीच राहू दे. उसळ झाली आहे, आणि मी दोनदा वाढून घेणार आहे.