अरुंधती दिसली का?

१९ एप्रिल
पुन्हा तेच! सुपारी फुटली, हॉल ठरला आणि मी यूट्यूबवर तारे बघत बसलेय. आई म्हणते, "ब्लाउजची मापं द्यायची सोडून हे काय लावलंयस?" पण आज लाईट गेली आणि गच्चीवरून सप्तर्षी सापडले! व्हिडिओतला मुलगा सांगत होता, शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. पूर्वी म्हणे यावरूनच नजर पारखायचे. बाबांना ओढत वर नेलं. चष्मा पुसून म्हणाले, "दिसली की!"

२० एप्रिल
अनिमेषला फोन. तोही कुर्डुवाडीत अंगणात जाऊन उभा राहिला — होणारा नवरा हौशी आहे!
"मधल्या ताऱ्याशेजारी काय दिसतंय?"
"काय असणार? एकटाच आहे की बिचारा."
"एकटा?" मी विचारलं. मग लगेच — "हां हां, दिसली! लई भारी." कुठल्या बाजूला, विचारलं तर म्हणे ड्यूटीची वेळ झाली.

२१ एप्रिल
झोप नाही. तो रेल्वेच्या इंजिनवर असिस्टंट आहे. सिग्नल बघणं हेच तर त्याचं काम!

२५ एप्रिल
आईला सहज विचारलं, एखाद्याला अरुंधती दिसलीच नाही तर? "शुभ बोल गं! त्याचे दिवस भरले म्हणतात." असलं मी मानत नाही. मला काळजी मागच्या डब्यांत झोपलेल्यांची. खोटं कशाला लिहू — त्याचीही आहे.

२ मे
अनिमेष कपडे घ्यायला सोलापुरात आला होता. उसाचा रस पिता पिता सरळ विचारलं. चिडला. "मोठे ड्रायव्हर असतात की शेजारी!" मग हळूच — "भरतीला डोळे चांगले होते. आता लांबचा दिवा जरा पसरतो. लग्न होऊ दे, दाखवतो डॉक्टरला. आत्ता इंजिनवरून उतरवलं तर? पत्रिका वाटून झाल्यात." उद्यापासून लग्नाची रजा आहे म्हणाला. तेवढंच बरं. पण नंतर?

५ मे
घरी सांगावं तर लग्न मोडेल. गप्प बसावं तर मागचे डबे आठवतात. इकडे आड, तिकडे विहीर! शेवया वळताना आई दोनदा ओरडली.

११ मे
लग्न झालं. भर दुपारी गुरुजींनी हॉलच्या छताकडे बोट केलं, "अरुंधती दिसली का? दिसली म्हणा." सगळेच म्हणतात. मीही म्हटलं. अनिमेषची पाळी आली. त्याने माझ्याकडे बघितलं.
"नाही गुरुजी. मला रात्रीसुद्धा दिसत नाही."
हॉल हसला. पहिल्या रांगेत त्याचे रेल्वेतले साहेब बसले होते. ते हसले नाहीत.