काट्यावरचा मामा

४ मे

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझी पाठ दुखते आहे असं आई म्हणाली, त्यामुळे आशीर्वाद बसूनच दिलास तरी चालेल.

मला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तीन वर्षं, तत्त्वज्ञान आणि इतिहास. फी वाचून आईने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. आकडा तोच निघाला. कर्ज काढावं लागेल. आईची नोकरी कंत्राटी, म्हणून बँकेला जामीन राहायला पक्क्या नोकरीतला माणूस हवा. आपल्या घराण्यात असा एकच प्राणी उरला आहे आणि तो वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून दिवसभर ट्रक मोजतो.

आईचं म्हणणं, असलं शिकून पोट भरत नाही. पण कॉलेजची पुस्तिका सोबत पाठवते आहे, ती बघ. तिथून पास झालेल्यांचा सरासरी पगार मला औषधांच्या दुकानात मिळतो त्याच्या तिप्पट आहे. चार वर्षांत कर्ज फिटेल. अर्ज महिनाअखेरीपर्यंत बँकेत द्यायचा आहे. तुझ्या सहीची जागा पेन्सिलीने दाखवली आहे, शोधायचे कष्ट नकोत.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो सहीच्या रूपात दिसावा.

तुझी,
ठकू

९ मे

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद, बसूनच.

प्रवेशाचं वाचून आनंद झाला. मामीने शेजारी जाऊन सांगितलंसुद्धा. सांगताना तिने तत्त्वज्ञानाच्या जागी कायदा म्हटलं, ते मी दुरुस्त केलेलं नाही.

सहीबद्दल. माझ्याकडे ट्रक दोनदा काट्यावर चढतो, एकदा भरलेला, एकदा रिकामा. वजाबाकी करून जे उरतं तो माल, आणि पैसे मालाचे मिळतात. तुझी तिप्पट म्हणजे भरलेला ट्रक आहे, बाईसाहेब. रिकामा कुठे आहे? तीन वर्षांनी दुकान तुझ्या हाती सोपवू असं तुझे मालक म्हणतात, तेव्हाचा पगार वजा कर. शिकताना बुडेल तो पगार आणि व्याजही धर.

आणखी एक. आमच्याकडे काही ड्रायव्हर भरलेल्या वजनाला आत बसून राहतात आणि रिकाम्या वजनाला हळूच खाली उतरतात. तेवढाच माल वाढतो. मी काच सरकवून त्यांना उतरवतो, मग ते माझ्या नावाने बोटं मोडतात. तुझ्या त्या सरासरीत कोण बसलंय ते बघून ये.

मला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे, हे तुला ठाऊक आहे. लाकूड कातायचा लेथ घेऊन ठेवलाय, बुद्धिबळाचे मोहरे करायचे आहेत. म्हणून नीट मोजून घेतो, राग मानू नकोस. हिशेब पाठव, मग सहीचं बघू.

आईला आशीर्वाद. लोभ असू दे, लाडीगोडी नको.

तुझा,
मामा

१८ मे

ती. मामास,

सा. न. आज थट्टा कमी आहे, सांभाळून घे.

कॉलेजच्या ऑफिसात गेले. पगार किती ते विचारणारी पत्रं सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना गेली होती, उत्तरं थोड्यांचीच आली. ज्यांचं बरं चाललंय त्यांनीच बहुधा हौसेने लिहिलं असणार. त्यात एक गृहस्थ सासऱ्यांची शीतगृहं सांभाळतात. ते एकटेच अख्खी सरासरी उचलून धरत होते. त्यांना खाली उतरवलं तर उरलेल्यांचा पगार दुकान हाती आल्यावरच्या माझ्या पगारापेक्षा थोडासाच जास्त निघतो.

त्याच यादीतल्या एका बाईंना भेटले. एका वर्तमानपत्रात बातम्या तपासायचं काम करतात, अजून हप्ते भरतात. पुन्हा संधी मिळाली तर हेच शिकेन म्हणाल्या, पण एवढं कर्ज काढणार नाही. म्हणून मी तिघींत एक खोली आणि शनिवार-रविवार दुकान असं धरून पाहिलं. कर्ज निम्म्यावर येतं. तरी फिटायला नऊ वर्षं लागतात.

आणि तू आहेस. माझे हप्ते थकले तर बँक तुझ्या दारात येणार. मग तुझी निवृत्ती लांबणार, पाठ त्या केबिनमध्येच मोडणार आणि लेथ गंजणार. हे सगळं धरलं की काटा नको म्हणतो. म्हणून मामा, सही करू नकोस. अर्ज रद्दीत टाक. सोमवारी मी मालकांना हो सांगणार आहे.

वाईट वाटतंय, ते तुझ्यापासून काय लपवायचं. आईने डोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा सर्दी झाली म्हणून सांगितलं.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझी,
ठकू

२१ मे

चि. ठकूस,

आशीर्वाद. मालकांना काही सांगितलं असशील तर आधी जाऊन ते परत घे, मग पुढचं वाच.

हिशेब तपासला. शीतगृहवाल्या जावयाला उतरवलंस तिथे केबिनमध्ये एकटाच हसलो. बाहेरच्या ड्रायव्हरला वाटलं, त्यालाच हसतोय. सगळं बरोबर आहे, चूक एकच. शेवटचं वजन घेताना तू मला आत बसवलंस. माझी पाठ, माझी निवृत्ती, माझा लेथ, सगळं तुझ्या कर्जावर लादलंस आणि मग काटा जड म्हणून रडत बसलीस.

मी आणि मामीने काल बसून आमचा हिशेब केला. निवृत्ती पुढच्याच वर्षी, त्यात बदल नाही. घराचे हप्ते संपलेत, दोघांना लागतं किती? निम्म्या कर्जाचे हप्ते थकले तर तुझं बस्तान बसेपर्यंत आम्ही भरू शकतो. पूर्ण कर्जाचे नसते भरता आले, आणि त्यावर मी सहीही केली नसती. हे स्पष्ट सांगतो, म्हणजे तुला उगाच उपकार वाटायला नकोत.

तर मी उतरलो. आता पुन्हा बघ. नऊ वर्षं हप्ते, आणि दुकानापेक्षा पगार जरासाच जास्त. एवढ्यावर जायचं का, ते तू ठरव. माल हवा की नको हे काटेवाल्याला कोणी विचारत नाही. पण स्वतःच्या विरुद्ध जाणारा हिशेब इतका चोख लिहून पाठवलास, त्याचा मला फार अभिमान वाटला. तोंडावर मी हे कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

बँकेतून नवा अर्ज आणला, निम्म्या रकमेचा. सोबत आहे. सही तिरकी आली आहे, बाहेर एकजण सारखा हॉर्न वाजवत होता. जायचं नसेल तर फाडून टाक, मी विचारणार नाही. मामी विचारेल.

लोभ आहे, व्याजाशिवाय.

तुझा,
मामा

२८ मे

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार, या वेळी खरोखर वाकून.

तू उतरल्यावर पुन्हा वजन केलं. आकडे जागचे हलले नाहीत. तू आधीच किडकिडीत. नऊ वर्षं ती नऊच.

तरी जाते आहे. अर्ज आज बँकेत दिला. तिथल्या बाईंनी तुझी सही दोनदा निरखली, मी हॉर्नचं सांगितलं तेव्हा शिक्का मारला. मालक शनिवार-रविवारला तयार झाले. मोहऱ्यांचा पहिला संच माझ्यासाठी ठेव, पैसे नऊ वर्षांनी देईन.

घरी आले तर आईने विचारलं, सर्दी कशी आहे. गेली म्हटलं. ती म्हणाली, मामाचं पत्र आलं त्याच दिवशी गेली होती.

लोभ हप्ते फिटल्यावरही चालू ठेव.

तुझी,
ठकू