ओळख दुसऱ्यानं सांगायची

घोटावडे, ता. मुळशी
१४ सप्टेंबर २०२५

चि. इंद्रजित,

आबाचा आशीर्वाद. इथं सगळे खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा पावसाळ्यापुरता दुखतो, पण त्याबद्दल ती बोलते बारा महिने. खालच्या खाचरातलं भात निसवायला लागलंय, लोंब्या दिसतायत. मागच्या खोलीतले भाडेकरू बदलले. नवी पोरं ओडिशाची आहेत, तुझ्या आईला 'माँजी' म्हणतात आणि भाकरी मागून नेतात, त्यामुळं ती खूश आहे.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की तू 'आबा, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, मी 'बरं' म्हणतो आणि आपलं बोलणं तिथंच संपतं. पत्राला मीटिंग नसते. जेवताना वाच.

गणपतीत तू दोन दिवस आलास. निघताना गाडीची काच खाली करून मला म्हणालास, ''आबा, उत्कर्षा तुमचं ऐकते. तुम्हीच सांगा तिला. क्लास आवरू दे आणि दसऱ्याच्या आत बंगळुरूला येऊ दे.'' मी मान डोलावली. दहा वर्षं ग्रामपंचायतीत होतो, मान डोलवायची सवय आहे. त्या कामाचं काय झालं ते सांगतोच. पण तो क्लास काय आहे ते आधी ऐक, कारण तू नवरा असलास तरी तुला ते नीट ठाऊक नाही असा मला संशय आहे. आरतीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, काही नाही, घरी पोरांना इंग्लिश शिकवते. ते 'काही नाही' माझ्या कानात अजून आहे.

लग्नाआधी ती हिंजवडीच्या कंपनीत माणसं नेमायच्या टेबलामागं बसायची, हे तुला मी काय सांगू. तिथं तिनं रोज बघितलं, की आपल्या भागातली पोरं पहिल्याच प्रश्नाला गारद होतात. 'स्वतःबद्दल सांगा.' ज्याच्या आजाच्या जमिनीवर कंपनी उभी, तोच पोरगा तिथल्या खुर्चीत बसून बुटांकडं बघत राहतो. काम येतं, सर्टिफिकेट आहे, पण तोंड उघडत नाही. म्हणून तिनं आपल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये मुलाखतीच्या तयारीचा क्लास काढला. बोर्ड लावला. पौडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटली. त्या पत्रकांत भेळवाल्यानं भेळ बांधून विकली, आणि ती आम्हीच विकत घेऊन खाल्ली. पोरं आली चार, त्यातली दोन भावकीतली, म्हणजे फी मागायची सोय नाही. तू तेव्हा बंगळुरूला नवा होतास, तुला हे कुणी कळवलं नाही.

मग तिला कुणी सांगितलं, की हिंजवडीच्या एका हॉटेलात दर गुरुवारी सकाळी धंदेवाल्यांची बैठक भरते. नाश्ता करायचा, एकेकानं उभं राहून मिनिटभरात आपला धंदा सांगायचा आणि एकमेकांना गिऱ्हाईक जोडून द्यायचं. याला नेटवर्किंग म्हणतात. आपल्याकडं हे काम लग्नाच्या मांडवात होतं, पण ते असो. तिची स्कूटर बंद पडली होती म्हणून मी तिला घेऊन गेलो. बाहेरच थांबणार होतो, पण आतून सांबाराचा वास आला. दारातल्या मुलीनं माझ्याही शर्टावर नावाची चिठ्ठी चिकटवली, आणि चिठ्ठी लावलेल्या प्रत्येकानं बोलायचं असा तिथला नियम निघाला.

उत्कर्षा आधी बोलली. इंग्रजीत, घोटून पाठ केलेलं, एकही चूक नाही. लोक चटणी वाढून घेत होते. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि तेवढ्यात माइक माझ्या हातात आला. मी काय बोलणार? माझा धंदा खोल्या भाड्यानं द्यायचा, आणि खोल्या तर भरलेल्या. म्हणून म्हणालो, ''मी जनार्दन, घोटावड्याचा. आत्ता बोलली ती माझी सून. ती स्वतःबद्दल कमीच बोलली. आमच्या गावात एक पोरगा होता, पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायचा. तो हिच्याकडं शिकला. आता कंपनीच्या गेटवर साहेबाची गाडी अडवून ओळखपत्र मागतो.''

सगळे हसले. हसून झाल्यावर मात्र माना वळवून उत्कर्षाकडं बघायला लागले. बैठक चालवणारे गृहस्थ मला नम्रपणे म्हणाले की इथं ज्यानं त्यानं आपापला धंदा सांगायचा असतो. मी म्हणालो, चुकलं. पण नाश्ता संपायच्या आत सुनीती नावाच्या एक बाई तिला शोधत आल्या. पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात त्या नोकरभरतीचं बघतात. त्यांनी तिला कारखान्यातच बोलावलं, तिथल्या कंत्राटी पोरांना कायम होण्याच्या मुलाखतीसाठी तयार करायला. तिचं पहिलं मोठं काम ते.

घरी येऊन तुझ्या आईला मी हा पराक्रम सांगितला. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ''मंग त्यात काय चुकलं? आपली वळख आपुन सांगतं का कुनी? ती दुसऱ्यानं सांगायची आसती.'' झालं, एवढंच बोलली आणि पुन्हा खडे काढायला लागली. उत्कर्षानं मात्र हातातला कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं क्लासच बदलला. आता तिथं पहिला महिना कुणी स्वतःबद्दल बोलत नाही. जोड्या लावते. एकानं दुसऱ्याच्या घरी जायचं, त्याचं काम बघायचं, त्याच्या आईशी बोलायचं, आणि मग सगळ्यांसमोर त्याची ओळख करून द्यायची. खोटी स्तुती चालत नाही, लगेच पकडते. तिचं म्हणणं असं, की आपल्या लोकांना लहानपणापासून सांगितलेलं असतं, मोठेपणा सांगू नये. ते काही वाईट नाही, पण मुलाखतीत नडतं. आपल्यातला गुण दुसऱ्याच्या तोंडून एकदा कानावर पडला, की तो स्वतः सांगताना जीभ अडखळत नाही. मी हे पोरांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

धंदाही तिनं याच रीतीनं वाढवला. पत्रकं बंद. जो नोकरीला लागला, त्यानं एका नव्या पोराला घेऊन यायचं आणि शेडमध्ये उभं राहून त्याची ओळख करून द्यायची. गुरुवारच्या बैठकीत ती आता स्वतःच्या क्लासबद्दल चकार शब्द काढत नाही. उभी राहते आणि तिथल्याच कुणाची तरी ओळख करून देते. पत्र्याची कामं करणाऱ्या कुशाबानं आमच्या शेडचं छत कसं भर पावसात येऊन नीट केलं, हे तिनं असं सांगितलं की त्याला त्याच दिवशी दोन कामं मिळाली. आता कुशाबा जिथं जिथं पत्रा ठोकतो तिथं तिथं हिचं नाव ठोकून येतो. आणि तुझी आई तर या कारभाराची मुख्य! घोटावड्याची कुठली लेक कुठल्या गावात दिली आणि तिथून कोण आपल्याकडं सून म्हणून आली, हे सगळं तिच्या डोक्यात. एखाद्या गावातून क्लासला पोरं पाहिजेत म्हटलं की ती फोन उचलते. आज जांबे गावात संध्याकाळचा क्लास चालतो, तो सायली चालवते, उत्कर्षाचीच विद्यार्थिनी. तिथं कामाला आलेली परप्रांतातली पोरंही येतात. शनिवार-रविवार पौडला असतो. मी किल्ल्या सांभाळतो आणि खुर्च्या मोजतो. म्हातारपणी एवढी जबाबदारी मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता तुझ्या कामाचं.

तू गेल्यावर रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज काहीतरी निघायचं. कधी पाहुणे, कधी लाइट गेलेली, कधी तिचंच डोकं दुखत असायचं. खरं तर तिचं डोकं एकदाच दुखलं, बाकीच्या वेळी मीच तसं ठरवलं. शेवटी मागच्या बुधवारी मनाचा हिय्या केला. क्लास सुटला की तिथंच बोलायचं म्हणून शेडमध्ये जाऊन मागच्या खुर्चीत बसलो.

त्या दिवशी ओळख करून द्यायची पाळी तानुबाईची होती. वरच्या ठाकरवाडीतली बाई, करवंदं आणि रानभाज्या विकते, कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळावं म्हणून येते. तिची जोडी शंभूशी, डिप्लोमा झालेला पोरगा, तीन मुलाखतींत नापास. तानुबाई पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, ''ह्यो शंभू. ह्याला समदं येतंय, पर कुनी येकदम इचारलं की ह्याचं त्वांड सुकतंय. तवा आदी त्याला पानी द्या आन् मंग इचारा. आय आजारी हाय तर सैपाक ह्योच करतुया आन् कुनाला सांगत न्हाई. लई गुनाचा हाय.''

शंभूचे कान लाल झाले. पण इंद्रजित, तो पोरगा खुर्चीत ताठ बसला. इतके दिवस तो क्लासला येतोय, मी त्याला असा बसलेला पहिल्यांदा बघितला. मग त्यानं उभं राहून तानुबाईची ओळख करून दिली, आणि त्याचं तोंड सुकलं नाही. उत्कर्षा बाजूला उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहून सांगता येत नाही. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले.

पोरं गेली. ती खुर्च्या एकावर एक रचायला लागली. मी घसा खाकरला. तिनं मागं वळून बघितलं नाही.

''आबा,'' ती म्हणाली, ''तुम्ही काय सांगायला आलात ते मला माहीत आहे. त्यानं मला आधी विचारलं होतं. मी थांब म्हणाले, म्हणून त्यानं तुम्हाला पाठवलं.''

मग ती वळली.

''तुम्ही सांगितलंत तर मी ऐकेन. तुमचा शब्द मला मोडता येणार नाही. म्हणून तुम्ही सांगू नका.''

रागानं म्हणाली नाही. चहा गार होतोय असं सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, आणि पुन्हा खुर्च्या उचलायला लागली. मीही चार उचलल्या. मग आम्ही दोघं घरी येऊन जेवलो. तुझ्या आईनं काय झालं म्हणून विचारलं, मी म्हणालो भाजीत मीठ कमी आहे.

तिला तू नको आहेस, असा अर्थ काढू नकोस. तुझा फोन आला की ती हातातलं काम टाकून अंगणात जाते, हे आम्ही रोज बघतो. बंगळुरूचं काय करायचं याचाही ती विचार करते आहे. सायलीच्या अंगावर किती टाकता येईल, महिन्यातले किती दिवस तिकडं राहता येईल, असं तिचं काहीतरी चाललंय. ते तिचं ती सांगेल. तुझ्या बाजूनंही काही असेल. परक्या गावात एकट्यानं जेवायला बसणं सोपं नसतं, हे मला कळतं.

आणि एक गोष्ट मी पत्राच्या सुरुवातीपासून चुकवतोय. मला तिला जाऊ द्यायचं नाहीये. क्लाससाठी नाही, माझ्यासाठी. तुझ्या नोकरीनंतर हे घर रिकामं झालं होतं, तिनं ते माणसांनी भरलं. त्या पोरीचा मला इतका अभिमान वाटतो की तिच्याबद्दल बोलताना माझा तोल जातो. तेव्हा वर जे लिहिलं त्यातून म्हाताऱ्याचा स्वार्थ वजा करून वाच. वजा केल्यावरही पुष्कळ उरेल.

तर तुझं काम मी केलेलं नाही आणि करणारही नाही. ती माझं ऐकते, म्हणून तिला काही सांगायचा मला हक्क नाही. तू माझं आजवर कधी ऐकलं नाहीस, म्हणून तुला बिनधास्त सांगतो. रजा काढ आणि ये. जे विचारायचं ते तिच्यासमोर बसून विचार, आणि ती जे म्हणेल ते पूर्ण ऐक.

लोभ आहेच, मागायची गरज नाही.

तुम्हा दोघांचा,
आबा