साठीचा डोळा

३ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र आधी तुम्ही वाचा, मग आईला द्या. कृत्रिम डोळे बनवण्याचं माझं शिक्षण संपत आलं. आता परवान्याची परीक्षा. प्रत्येकाने एका माणसासाठी डोळा घडवायचा आणि तो लावून त्याला परीक्षकांसमोर बसवायचं. बाकीच्यांना दवाखान्यातून माणसं मिळाली. मला तुम्ही हवे आहात.

कारखान्यात लेथवर पोलादाचा कण उडून डोळा गेला, तेव्हापासून तुम्ही घरातसुद्धा काळा चष्मा काढत नाही. मी हे शिकायला का आले, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लोभ आहेच, त्यात होकाराची भर घालून उत्तर पाठवा.

तुमची,
टिटवी

११ जानेवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

घरात आलेलं पत्र आधी कोण फोडतं, हे इतक्या वर्षांत तुला कळू नये? वाचून तुझी आई माझी बॅग भरून मोकळीही झाली. माझं मत कुणी विचारलेलं नाही.

जन्मभर लेथवर काम केलं. हुबेहूब दोन वस्तू करणं किती अवघड, ते मला माहीत आहे, तेव्हा फार आशा धरू नकोस. येतो. चारचौघांत चष्मा काढायची मला भीती वाटते. हे आईला कळवू नकोस. अर्थात पेटीत टाकण्याआधी ती हेही वाचणारच.

तुझा,
बाबा

२७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही गाडीत बसलात तेव्हा सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहिते. मी नापास का झाले, ते तुम्हाला कळायला हवं. परीक्षकबाईंनी टेबलापलीकडून तुम्हाला बराच वेळ पाहिलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की डोळा सुंदर झालाय, पण तो चाळिशीतल्या माणसाचा आहे. शेजारचा साठीचा आहे.

बाबा, तुम्ही समोर बसला होतात आणि मी तुमच्याकडे बघतच नव्हते. शाळेच्या दारात मला न्यायला यायचात, तेव्हाचा डोळा रंगवत होते. पांढऱ्यावरची पिवळट झाक, बुबुळाच्या कडेचं राखी वर्तुळ, बारीक लाल शिरा, सगळं दिसत होतं. रंगवायला हात धजला नाही. फेरपरीक्षा मेमध्ये आहे. पुन्हा या, असं कुठल्या तोंडाने म्हणू? राग असला तरी माया कमी करू नका.

तुमची,
टिटवी

६ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तो तरणा डोळा लावून आरशासमोर उभा राहिलो. एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने माझा धाकटा भाऊ बघतोय असं वाटलं. तुझी आई एकदा बघून आत निघून गेली. मला फार लागलं. मग मी डोळा काढला, चष्माही काढला, तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हटलं, की आता नीट बघ. तिने बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आता तुझी पाळी. मेमध्ये येतो. खिडकीशी बसव, हवा तेवढा वेळ घे. बाप म्हातारा झाला म्हणून रडायचं असेल, तर ब्रश हातात घेण्याआधी रडून घे.

तुझा,
बाबा

१९ जून

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

परवाना हातात पडल्याचं पत्र मिळालं. मला ते शेजाऱ्यांनंतर वाचायला मिळालं, यावरून काय ते समज.

काल तुझा नवा डोळा लावून, चष्मा घरी ठेवून औषधं आणायला गेलो. दुकानात नवीन बाई आहे, तिला माझ्याबद्दल काही ठाऊक नाही. पुडी बांधता बांधता ती माझ्याकडे निरखून बघायला लागली. मी मान खाली घालणार, तेवढ्यात तिने विचारलं, की काका, दोन्ही डोळे फार थकलेले दिसतात, झोप लागत नाही का. मी म्हटलं, लागत नव्हती. आणि पोरी, औषधं तिथेच विसरून मी भर रस्त्यात रडत घरी आलो.

तब्येतीला जप. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे.

तुझा,
बाबा