चाळीसचं भिंग

३ जानेवारी
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लेक मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा दाखवणार. सातवीपासून तिने माझी मदत घेतलेली नाही. या वेळी मी जाहीरच केलं, मशीन मी लावणार. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्याला भिंगं काय नवीन? लेक म्हणाली, बघू. म्हणजे हो.

५ जानेवारी
तिला तत्त्व समजावलं. खालचं भिंग वस्तूची मोठी प्रतिमा नळीत वर पाठवतं. डोळ्याजवळचं भिंग त्या प्रतिमेलाच पुन्हा मोठं करतं. म्हणून बेरीज नाही, गुणाकार. वर दहा, खाली चाळीस, एकूण चारशे पट. ती म्हणाली, हे पुस्तकात आहे. असेल. पुस्तकाने दुकान चालवून दाखवावं.

७ जानेवारी, सकाळ
चाळीसचं भिंग लावलं. आकडे फार बारीक कोरलेत. मशीन टेबलाच्या पलीकडे सरकवून वाचावे लागले. पेशी दिसल्या, विटांच्या भिंतीसारख्या, पण अगदीच चिमुकल्या. केंद्रक नाही. कांदा शिळा असणार. स्वयंपाकघरात जाऊन हिच्याकडे ताजा मागितला, तर म्हणाली, कांद्याला नावं ठेवू नका. विज्ञानाला विरोध घरातूनच होतो.

७ जानेवारी, संध्याकाळ
लेकीकडे तक्रार केली. ती म्हणाली, बाबा, चाळिशी लाव ना आता. म्हटलं, बाळा, चाळीसचंच लावलंय. हिला एकदम ठसका लागला.

८ जानेवारी
दुकानात एका गिऱ्हाइकाला समजावलं, या वयात चाळिशी लागली तर लाज कसली. माझी नजर मात्र शाबूत आहे. हल्ली वर्तमानपत्रंच बारीक छापतात.

१० जानेवारी
प्रदर्शन. पाटीवर मीच ठळक लिहिलं, 'चारशे पट'. विज्ञानाच्या बाईंनी डोळा लावला. विचारलं, केंद्रक कुठंय? लेक माझ्याकडे बघायला लागली. बाई वाकून भिंग वाचत म्हणाल्या, हे चारचं आहे. दहा चोक चाळीस.
लेकीचे कान लाल. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण तिने शांतपणे भिंग फिरवलं, हळूच बारीक स्क्रू फिरवला. केंद्रक हजर. मग भिंगांचा गुणाकार समजावला, शब्दन् शब्द माझा. बाईंनी विचारलं, कोणी शिकवलं? म्हणाली, बाबांनी. आकडा सोडून सगळं.

११ जानेवारी
लेक दुकानात आली, मला तपासायच्या खुर्चीत बसवलं, जवळचा तक्ता हातात दिला. मी सगळ्यात खालची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. तिने तक्ता बदलला होता.
फ्रेम तिनेच निवडली. म्हणाली, पुढच्या वर्षीही मशीन तूच लाव, आकडे मी वाचेन.
चाळिशी लावली आहे. फक्त रोजनिशीपुरती.