ताईसाठी जॉयस्टिक

४ मार्च
ताईची जुनी जॉयस्टिक आज बाजूला काढून ठेवली. दुकानात कुणाचीही मोडकी खेळणी-यंत्रं दुरुस्त करून देते मी — पण ही धडधाकट आहे! बिघडलाय तो ताईचा हात. स्नायूंचा आजार; पायांनी गेल्याच महिन्यात साथ सोडली, आता हाताचाही जोर कमी कमी होत चाललाय.
ही पहिल्या जमान्यातली. आत नुसती चार बटणं. दांडा पुरता ढकलला की टक्, मग पडद्यावरचं विमान वळणार. लहानपणी हिच्यावरच ताईनं मला रोज धूळ चारली. आज तिनं तीनदा ढकललं, टक् झालंच नाही.
"जाऊ दे गं. पुरे आता हा पोरखेळ."
पुरे कसा?

६ मार्च
ॲनालॉगवाली जोडून दिली. जेवढी झुकवाल तेवढंच विमान झुकतं. थोडं तर थोडं.
"अगं, ही ऐकते की माझं!"
अर्धा तास उडत होती. मला हरवलं, वर म्हणते, "सराव कर जरा."

२२ मे
विमान आपोआप डावीकडे जायला लागलं. मी चरकले — हात आणखी गेला की काय! उघडून पाहिलं तर आतली पट्टी घासून झिजलेली. हुश्श! आता चुंबकवाली बसवलीय, तिच्यात काही घासतच नाही. स्प्रिंगही नरम टाकली.

१० ऑगस्ट
मनगट थकलं. मग अंगठ्याची, ती बुटकी.

१९ ऑगस्ट
अंगठ्याचीही आठच दिवस चालली. मग भांडलो. कडाडून.
"मला खेळवू नकोस! तू काठ्या बदलतेयस आणि मी संपत चाललेय."
दोघी रडलो. मग तिचं नाक मलाच पुसावं लागलं. "हळू, कारटे! तेवढं तरी शाबूत राहू दे." आणि हिसडा देऊन तोंड फिरवलं.
केवढा हिसडा! मानेत जोर आहे की अजून!

२ सप्टेंबर
हनुवटीची जॉयस्टिक. दांड्यावर वाटीएवढी मऊ टोपी, त्यात हनुवटी टेकवायची. ताईला व्यायाम करवणाऱ्या फिजिओबाईंनी उंची ठरवून दिली. पहिल्या दिवशी विमान अकरा वेळा आपटलं. ताई हसून हसून बेजार.

१५ सप्टेंबर
हरले. खरीखुरी. मुद्दाम नाही, शपथ!

३० सप्टेंबर
फिजिओबाईंनी आज मोटरची खुर्ची आणली. चालवायला हनुवटीचीच जॉयस्टिक. त्या शिकवायला लागल्या. ताईनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सरळ दाराबाहेर! मी मागे धावले.
"येऊ नकोस गं. कोपऱ्यावरून वळून येते."
सात महिन्यांत पहिल्यांदा एकटी गेली. पायरीवर बसून लिहितेय. अजून आली नाही.
फिरू दे.